पन्हाळ्यावरचं वजन

प्रिय आयेशा,

तुझ्या अब्बांचा पराक्रम तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी मटण सोडलं नाही, चालायला सुरुवात केली नाही. तुला मात्र फोन लावला. पृथ्वीपासून लांब गेलं की वजन कमी होतं का, एवढंच विचारलं. तू ‘हो अब्बा, अंतर वाढलं की ओढ कमी’ म्हणालीस आणि तासाला उशीर होतोय म्हणून फोन ठेवलास. किती कमी, ते सांगायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आकारामभाऊंची रिक्षा दारात. न्हाणीतला वजनकाटा मांडीवर घेऊन अब्बा निघाले पन्हाळ्याला. मी अडवलं तर म्हणाले, “पोरगी फिजिक्स शिकवती. ती खोटं सांगंल व्हय?” एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मीही चढले. वर वाऱ्यानं भूक लागली, तेव्हा आधी झुणका-भाकरी झाली, दही झालं, वर भाजलेलं कणीस. मग तटाजवळ सपाट दगड बघून काटा मांडला. सहलीला आलेली पोरं भोवती जमली. वजन घरच्यापेक्षा दीड किलो जास्त! अब्बांनी उतरून चपला काढल्या, पुन्हा चढले. शेवटी टोपीही माझ्या हातात दिली. काटा ढिम्म. आकारामभाऊ हसले, म्हणून परतीच्या वाटेत त्यांच्याशी अबोला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की हे अंतर पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात, आणि तो मध्य इतका खोल आहे की पन्हाळा चढून चमचाभर साखरेएवढाच फरक पडतो. हे कुणी सुचवलं, असंही विचारलं. मला वाटलं, आता अब्बा तुझ्यावर ढकलणार. तर म्हणाले, “लेकीचं बरोबरच हाय. माझंच खाणं चुकलं.” त्या दिवसापासून मटण बंद, रोज रंकाळ्याला फेरी. वजन खरंच उतरलंय.

आता खरं सांगते. तू बेंगळुरूची नोकरी धरलीस तेव्हा ते तुला सोडायला स्टँडवर आले नाहीत, आणि तेव्हापासून तुमचं बोलणं म्हणजे सलाम आणि शांतता. तो वजनाचा प्रश्न त्यांना पडला नव्हता गं. तुला फोन करायला कारण हवं म्हणून चार दिवस डोकं खाजवून काढला होता. येत्या वीस तारखेला ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही, पोरगी उगाच रजा काढेल, अशी मला ताकीद आहे. माझा मोबाइलही त्यांच्याच खिशात असतो, म्हणून हे पत्र. काल चहा पिताना हळूच विचारत होते, “ऑपरेशनला नेताना दारापर्यंत कुणाला येऊ देत्यात का?” मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाले, “तू तर हाईसच गं.” घाबरलेत ते. ये.

वाट बघणारी, तुझीच
अम्मी