हॉलची किल्ली

सोमवार, ३ मार्च
व्यसनमुक्ती गटात जाऊन आलो. बायकोच्या समाधानासाठी. तिने बॅग भरून ठेवली आहे. यापुढे एकदा जरी पिऊन आलो तर मुलीला घेऊन बहिणीकडे जाणार म्हणते, आणि ते कायमचं. मुळात माझं पिणं सोशल आहे. फोटो स्टुडिओत दिवसभर एकटा असतो, म्हणून एकट्याने सोशल.

गट म्हणजे सायकलच्या दुकानावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दहाएक पडेल चेहऱ्यांची माणसं. देखरेख एका रिटायर्ड नर्सबाईंची. एक प्लंबर आपली कहाणी सांगताना रडला. मी मधेच त्याला तीन उपाय सुचवले. बाई म्हणाल्या, बसा.

निश्चय : दोन मीटिंगांत या लोकांना मार्गाला लावायचं आणि मोकळं व्हायचं.

गुरुवार, ६ मार्च
दारू पूर्ण बंद. काहीही वाटत नाही. फक्त घाम येतो, झोप येत नाही, आणि गिऱ्हाइकांचं काय बिनसलंय कोण जाणे. पासपोर्ट फोटोला एक जण स्थिर बसेल तर शपथ. सकाळपासून सगळे हललेले आले. एका आजोबांना चांगलंच सुनावलं. ते म्हणाले, कॅमेरा स्टँडवर ठेवून बघा.

संध्याकाळी पुन्हा गटात. गरज नव्हती, पण खुर्च्या फार चुकीच्या मांडतात.

सोमवार, १० मार्च
आज मला हॉलची किल्ली दिली! तिसऱ्याच मीटिंगला! इतके दिवस ती प्लंबरकडे होती. खिशातून काढायला त्याने जरा वेळच लावला. पद सोडवत नाही कोणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बस ड्रायव्हरने तर मिठीच मारली. आता मी येऊन उघडल्याशिवाय कोणालाही आत पाऊल टाकता येणार नाही. नर्सबाईंना माणसाची पारख आहे.

बायकोला किल्ली दाखवली. तिने विचारलं, दुसरी आहे का कोणाकडे. नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघतच राहिली. अभिमानाने असणार.

गुरुवार, १३ मार्च
तासभर आधी पोचलो. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या. मधोमध माझी, जरा पुढे. नेतृत्व आणि संयम या विषयावर बोललो. बरेच जण डोळे मिटून ऐकत होते. बाईंनी पंखा बंद केला तेव्हा थांबलो.

मंगळवार, १८ मार्च
पदाबरोबर त्रासही येतो. प्लंबर रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, किल्ली आहे ना, बरं आहे ना. पोटात दुखतंय त्याच्या. मीटिंग संपली की शाळामास्तर मला घरापर्यंत सोडायला येतात. त्यांचं घर अगदी उलट दिशेला. चारचौघांत आपण मोठ्या माणसाबरोबर दिसावं असं वाटतं एकेकाला. चालण्याची रीत मात्र अजिबात नाही. वाटेत बार लागतो, नेमके तिथेच ते माझ्या अंगावर येतात आणि मला पार फुटपाथच्या दुसऱ्या टोकाला ढकलतात.

फोटो बरे येऊ लागलेत. गिऱ्हाइकं सुधारली.

सोमवार, २४ मार्च, दुपार
जुन्या मित्राच्या नव्या दुकानाचं पाच वाजता उद्घाटन. नंतर मागच्या खोलीत 'बसायचा' कार्यक्रम. बायको म्हणाली, जाऊ नका. तिला कळत नाही. न जाणं म्हणजे शुद्ध पळपुटेपणा. मी जाणार, सगळ्यांदेखत ग्लास नाकारणार आणि साडेसहाला हॉल उघडणार. नकाराचं वाक्य आरशासमोर पाठ केलंय. भारदस्त झालंय.

मंगळवार, २५ मार्च
वाक्य म्हणायची वेळच आली नाही. कोणी आग्रहच केला नाही. ग्लास मीच उचलला.

आधी नुसता धरायला. मग वास घ्यायला. सात वाजून गेले होते. ओठांपाशी नेला आणि फोन वाजला. प्लंबर. म्हणाला, "आम्ही जिन्यात बसलोय. या सावकाश." मागून बस ड्रायव्हर कोणाला तरी समजावत होता, येईल हो, येईल. रागच आला. एवढी मोठी माणसं, एक दार उघडता येत नाही. ग्लास तसाच ठेवला आणि तणतणत निघालो.

सगळे खरंच जिन्यात बसले होते. मास्तर पायरीवर रुमाल पसरून. इतका वेळ कुठे होतास, असं एकानेही विचारलं नाही. तेच सहन झालं नाही. म्हटलं, दुसरी किल्ली करून घ्या. सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे ठेवलीत हे ठीक, पण त्यालाही कामं असतात.

बाई म्हणाल्या, "भरवशाच्या नाही हो. ज्याचा अजिबात भरवसा नाही, त्यालाच देतो आम्ही. तो आला नाही तर सगळे बाहेर. मग त्याला यावंच लागतं."

प्लंबरच्या आधी मास्तरांकडे होती म्हणे. टाळ्या प्रत्येकासाठी वाजल्या होत्या.

दार उघडलं. भाषण केलं नाही. घरी आल्यावर बायकोने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला आणि ताट मांडलं. मला रडू आलं. भाजी तिखट झालीय म्हणालो. भाजी अजून वाढायची होती.

गुरुवार, २७ मार्च
गटात नवा माणूस. बँकेतला कॅशियर. टाय कडक, कॉलर घामाने भिजलेली. आल्या आल्या म्हणाला, मी फक्त निरीक्षणाला आलोय, आणि ही मीटिंग पंधरा मिनिटांत उरकता येईल. प्लंबर माझ्याकडे बघत होता. मी छताकडे.

बाईंनी हळूच विचारलं, किल्ली आता यांना द्यायची का. म्हणजे मी भरवशाचा झालो. आनंद व्हायला हवा होता. खिशात हात घातला तो बाहेरच येईना.

"बाई," मी म्हणालो, "मला अजून लागेल ती." माझा आवाज इतका बारीक आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"ठेवा," बाई म्हणाल्या. "फोन मात्र उचलत जा."

मग कॅशियरला चहाचं काम दिलं. दूध-साखर त्याने आणायची, नाहीतर सगळे तसेच. मी जोरात टाळ्या वाजवल्या. त्याची मान ताठ झाली. निघताना मला विचारतो, तुमच्याकडे काय जबाबदारी आहे?

म्हटलं, मी दार उघडतो.