एकतीस भोकं आणि मधली फासळी

२ मार्च, सोमवार

जाड भिंतीच्या बाजूने उभ्या असलेल्या माझ्या बंधूंनो! चांगल्या धातूची चाळण होताना आपण आणखी किती दिवस नुसतं बघत बसायचं?

उद्याच्या मीटिंगसाठी ही सुरुवात. झकास जमली आहे. बंधू सध्या मी एकटाच, दुसरा होता तो गेल्या वर्षी निवृत्त झाला. पण आवाज दहा जणांचा आहे.

विषय: जेट इंजिनातलं न फिरणारं पातं. आगीतून सुटलेला वायू थेट याच्या अंगावर येतो, आणि हे त्याला पुढच्या फिरत्या पात्यांकडे वळवतं. आतून पोकळ. पोकळीत गार हवा सोडायची, ती बारीक भोकांतून बाहेर येऊन पात्यावर पांघरुणासारखी पसरते. इथवर मला मान्य. पण कूलिंगच्या बाई (मनातल्या मनात चाळणबाई) एकतीस भोकं मागतात. मी बारा देतो. वर आत मधोमध एक जाड फासळी, माझी.

संकल्प: उद्या आवाज चढवायचा नाही.

३ मार्च, मंगळवार

आवाज चढला. मुद्दाच तसा होता.

पातं टेबलावर दोन ठोकळ्यांवर ठेवलं, बूट काढले आणि त्यावर एका पायाने उभा राहिलो. तसूभर वाकलं नाही. चाळणबाई म्हणाल्या की सर, इंजिनात तुम्ही उभे राहणार नाही, तिथे आग उभी राहणार आहे. लोक हसले. उथळ लोक.

साहेबांचा निकाल: दोघांची पाती भट्टीत. आत गार हवा सोडून शंभर वेळा तापवायचं, शंभर वेळा निववायचं. ज्याचं टिकेल तो प्रमुख. दोन्ही फुटली तर काम दुसऱ्या ऑफिसला, आणि मी नटबोल्टांच्या यादीवर. तेवीस वर्षं पात्यांत काढली आहेत मी. नटबोल्ट!

७ मार्च, शनिवार

घरी हिचा नवा हट्ट. ओट्यापाशी वाफ कोंडते, भिंतीला भोक पाडून पंखा बसवा म्हणे. भिंत कमकुवत होईल हे मी आकडेमोड करून दाखवलं. चार पानं. ही म्हणाली की भिंत शंभर वर्षं जगेल हो, तिच्यासमोर उकडून मी निघतेय.

शास्त्र घरच्यांना पटत नाही.

११ मार्च, बुधवार

विजय! बाईंचं पातं चौसष्टाव्या फेरीला गेलं. एका भोकातून दुसऱ्या भोकात चीर, शिवण उसवावी तशी.

मी संयम पाळला. चाळीसच मिनिटं बोललो. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की बरोबर आहे तुमचं, भोकं फार जवळ पडली. वेळ टिपून ठेवली: ४.२०.

१३ मार्च, शुक्रवार

१०.५०. माझं पातं भट्टीत. नऊ फेऱ्या झाल्या, ओरखडा नाही. प्रमुखपदाचं भाषण मनात तयार.

११.४०. भट्टीवाल्या काकांचा निरोप: येऊन जा.

२.१५. एकोणिसाव्या फेरीला. बाईंचं चौसष्ट, माझं एकोणीस. नुसते आकडे पाहिले तर गैरसमज होतो. धातू हलका आला असेल. भट्टीचा काटा पुढे असेल. काका माझ्यावर आधीपासून खार खाऊन आहेत.

काकांचं म्हणणं: फासळी आत गार हवेत, गारच राहते. बाहेरची साल लाल होते, पसरायला बघते, फासळी तिला सोडत नाही. म्हणून चीर थेट फासळीच्या मुळाशी. मी म्हणालो, म्हणजे फासळी शेवटपर्यंत टिकली ना? काका म्हणाले की हो, ती ठणठणीत आहे, पातं तेवढं राहिलं नाही.

१६ मार्च, सोमवार, संध्याकाळी

काम गेलंच होतं. बाईंनी साहेबांकडे शब्द टाकला. मी तेव्हा चीर मोजत होतो. शेवटची संधी: एकच ड्रॉइंग, दोघांच्या सह्या, उद्या नऊच्या आत.

बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि स्वतःची नऊ भोकं खोडली. भाषण नाही, काही नाही. मग कागद माझ्याकडे सरकवला: मधली जाड फासळी काढा, दोन बारीक घाला, सर. मी म्हणालो, घरी नेतो, विचार करतो.

घरी आलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक. गवंडी येऊन गेला होता, पंखा फिरत होता. मी भिंत ठोकून पाहिली, खांदा लावून पाहिला. उभी आहे. ही म्हणाली की बूट काढा आणि तिच्यावर एका पायाने उभे राहा, म्हणजे खात्री पटेल.

ओट्यावरच ड्रॉइंग पसरलं आहे. इथे बसून घाम आला नाही, असं पहिल्यांदाच झालं. भोक योग्य जागी पडलंय, हे मान्य करावं लागेल. माझ्या चार पानांवरूनच तिने जागा निवडली असणार.

बंधूंनो!

बंधू मी एकटाच. तर थोडक्यात. लाल पेन्सिल उचला आणि मधल्या फासळीवर रेघ मारा. सरळ मारा. बाई पट्टी लावून बघतात.