मोटरचा सैल स्क्रू

ठमे,

काल रेसमध्ये आपली रिमोटवरची छोटी गाडी करकरत बंद पडली आणि मी चारचौघांत तुझ्यावर खेकसलो.

आज ती उघडली. तू बसवलेले गिअर नीटच होते. मोटरचा स्क्रू सैल होता, म्हणून मोटर सरकली आणि दाते झिजले. तो स्क्रू मीच आवळला होता. हल्ली बोटांत जोर राहत नाही.

नवा गिअर घातलाय. दात्यांच्या मध्ये या चिठ्ठीचा कोपरा फाडून ठेवलाय. मोटरचा गिअर त्यावर टेकवून स्क्रू तू आवळ, मग कागद ओढून काढ. तेवढी फट पुरते.

डॉक्टरांना हात दाखवून येतो. आईला तूर्त सांगू नकोस, जिवाला घोर लावून घेईल.

रविवारी गाडी तूच चालव. ट्रॅकवरून उडाली तर उचलून ठेवायला मी वळणावर उभा आहेच.

— बाबा