गमबुटात सापडलेल्या एकवीस गोळ्या

ती. दादांच्या चरणी धाकट्याचं डोकं (आहे तेवढं).

तुमचा गुडघा जिना चढू देतोय ना? वहिनींचा खोकला गेला असेलच. गेला नसेल तर तुमच्या लेकीला कळू देऊ नका, ती माणसात उंदीर बघते.

तिचंच गाऱ्हाणं सांगतो. चार महिन्यांपूर्वी मला लघवीत रक्त दिसलं. पाणीपुरवठ्यात जन्म गेला, गढूळ पाण्याच्या हजार तक्रारी निस्तरल्या, पण इथे तक्रारदारही मीच आणि नळही माझाच. डॉक्टरांनी सगळं तपासलं. कर्करोग नाही म्हणाले, प्रोस्टेट वाढलीय, तिच्यात नाजूक रक्तवाहिन्या दाटल्यात, त्यांतून रक्त येतं. रोज एक गोळी दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच दिवशी तुमची लेक जेवायला आली. तिच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच काम चालतं, मला काय ठाऊक! समोर व्याही बसलेले, आणि ती आमटी वाढून घेत म्हणते, "काका, पुरुषी हार्मोन मिळालं की त्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. उंदरांचं हार्मोन थांबवलं, तर आधी वाहिन्या आटतात आणि मग ग्रंथी. तुमची गोळी त्याच हार्मोनचा जोर कमी करते." व्याह्यांचा घास हातातच राहिला. मी मात्र 'पुरुषी हार्मोनचा जोर कमी' इथेच अडकलो. माझी मिशी गेली तर? (बिनमिशीच्या फोरमनचं कोण ऐकतं? निवृत्त असला म्हणून काय झालं!) दुसऱ्या दिवसापासून गोळी तोंडाऐवजी माळ्यावरच्या जुन्या गमबुटात जाऊ लागली.

तीन आठवड्यांनी रक्ताच्या गुठळ्या आल्या आणि लघवीच अडली. दादा, खोटं कशाला सांगू, मी आईला हाका मारल्या. दवाखान्यात नळी घालावी लागली. (नळ्या टाकण्यात माझा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता, पण ही बाजू मी कधी पाहिली नव्हती.) डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे ना? मी ठणकावून हो म्हणालो. तोच माझ्या बायकोने पिशवीतून गमबूट काढला आणि टेबलावर उलटा केला. एकवीस गोळ्या! डॉक्टर हसले, ही नाही हसली. घरी येताना एवढंच म्हणाली, "तुमची मिशी मला कधीच आवडली नव्हती. मला माणूस हवाय." मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसले.

आता गोळी हिच्यासमोर गिळतो. रक्त थांबलंय. मिशीही जागच्या जागी आहे.

तुमचा,
धाकटा

ता.क. घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही एक पेपर वाचून होईपर्यंत चारदा उठता, हे मी सांगून टाकलं. शुक्रवारी अकराची तुमची वेळ घेतलीय, सव्वाअकराची माझी. थोरल्याचा मान पहिला.

ता.ता.क. मानबिन काही नाही. त्या खोलीत एकट्याने जायचा धीर होत नाही. या.