हिंगणीचा अंधार

पिपरी मेघे, वर्धा

प्रिय वर्षाली,

आधी भांडण संपवते, मग बाकीचं. शेतात दुर्बिणी लावून सहा माणसं अंधारात उभी असताना तिथे हेडलाइट लावून गाडी घालायची नसते. तुला हे माहीत नव्हतं, कबूल. पण माहीत करून घ्यायची तसदी तू कधी घेतलीस? ‘रिटायर झाल्यावर लोक भजनाला जातात, तू कुठे जातेस?’ एवढंच तू विचारलंस, आणि उत्तर न ऐकताच हसलीस.

तर आता ऐक. पाडव्याच्या आधीची अमावास्या ही आमची वर्षातली मोठी रात्र. मेसिए नावाच्या फ्रेंच माणसाच्या यादीत आकाशातल्या एकशे दहा अंधूक गोष्टी आहेत. ताऱ्यांचे गुच्छ, तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका. त्या सगळ्या एका रात्रीत गाठता येतात त्या याच सुमारास. दिवस मावळताच पश्चिमेच्या दीर्घिका बुडायच्या आत धरायच्या, आणि उजाडेपर्यंत आकाशाच्या मागे धावायचं. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि बिघडायला एक क्षण. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन, आणि फोन बंद. हा नियम माझा एकटीचा नाही, सगळ्यांचा आहे. बोर धरणाकडच्या त्या शेताचा मालक कैलास रानडुकरांच्या जागलीला बसतो ना, तोसुद्धा आम्ही असलो की बिडी बांधाआड जाऊन पेटवतो.

त्या रात्री सगळं कसं छान जमून आलं होतं. मोहाच्या फुलांचा वास येत होता. मृगातला तेजोमेघ मी आमच्या गटातल्या रूपरावजींच्या आधी पकडला, आणि ते ‘मॅडम, डोळे आहेत की दुर्बीण?’ म्हणाले. मग आम्ही कन्या राशीत शिरलो. तिथे दीर्घिकांची इतकी गर्दी असते की भलेभले वाट चुकतात. इतक्या फिकट, की सरळ पाहिलं तर दिसतच नाहीत, नजर जराशी बाजूला ठेवावी लागते. मी निम्म्यात होते, आणि बांधावरून तुझे दिवे आले.

मी तुला जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. ‘अक्कल गहाण ठेवून आलीस का? बंद कर ते आधी!’ तू दार उघडून खाली उतरलीस, माझ्याकडे पाहिलंस, ‘आहेस ना, बस्,’ म्हणालीस आणि परत गाडीत बसलीस. जाताना मात्र दिवे लावले नाहीस. त्या मिट्ट काळोखात, खड्ड्याखुड्ड्यांतून, रस्त्यापर्यंत गाडी तशीच मागे घेतलीस. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रूपरावजींना म्हटलं, प्रकाशामुळे. त्यांनी ऐकून घेतलं. पहाटेपर्यंत मी हट्टाने उभी राहिले, पण कन्येतलं काही मला पुन्हा सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुढी उभारताना शेजारच्या सुलोचनाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, ‘रात्री तुमची वर्षाली आलती. मी सांगतलं, बाई हिंगणीले गेल्या, धरणाजवळच्या वावरात. तरी घंटी वाजवूनच राह्यली. दाराले कान लावून उभी होती बिचारी. काऊन वं बाई, फोन तरी चालू ठेवाव मानसानं!’ त्यांना मी चार गोष्टी सुनावल्या आणि आत येऊन तशीच बसून राहिले.

दाराला कान लावून. तुझे बाबा गेले तेव्हा मी अमरावतीला लग्नात होते. नागपूरहून निघून तू याच दारात उभी होतीस. तू लावत होतीस आणि त्यांचा फोन आत वाजत होता. तू बाहेरून ऐकत होतीस. दार तोडायला तूच लावलंस. मी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं, चादरसुद्धा बदललेली. त्या रात्रीबद्दल मी तुला कधी विचारलं नाही. तूही बोलली नाहीस.

पाडव्यापासून मी तुला फोन करते आहे आणि तू उचलत नाहीस. जावईबापू सांगतात, ‘आई, ती बरी आहे, रागात आहे.’ म्हणजे तू बरी आहेस हे मला ठाऊक आहे, तरी ती रिंग वाजून वाजून थांबते तेव्हा मी लगेच पुन्हा जावईबापूंना लावते. तुला त्या अमावास्येला तेवढंही ठाऊक नव्हतं. नागपूर ते वर्धा, वर्ध्याहून हिंगणी, इतका वेळ तू एकटी गाडी चालवत होतीस.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दिवसातून वीस वेळा सॉरी म्हणायचो, त्यामुळे त्या शब्दात माझ्यासाठी काही उरलेलं नाही. मराठीत माफी मागायला माझी जीभ वळत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हिंगणी मी सोडणार नाही, आणि तुझ्या नागपूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून विमानांचे दिवे मोजायलाही येणार नाही. पण काल मी कैलासकडे गेले होते. या पत्राच्या पाकिटावर मागच्या बाजूला त्याचा नंबर आहे. त्याची झोपडी बांधापलीकडे आहे, तिथल्या फोनचा उजेड आमच्यापर्यंत येत नाही. त्याला सगळं सांगितलं, बाबांचंसुद्धा. तो म्हणाला, ‘पोरीले सांगा, कधीबी फोन लावजो. मी जागाच राह्यतो. जाऊन पाह्यतो अन् सांगतो, बाई उभ्या हायेत अन् कोनावर तरी खेकसून राह्यल्या.’ पुढच्या अमावास्येला आम्ही पुन्हा जाऊ. तू लाव. तासातासाला लाव, वाटलं तर दहा-दहा मिनिटांनी लाव. तो उचलेल.

तुझीच, अजून थोडी चिडलेली,
आई