रिकामा पूल

सोमवार, ९ मार्च

जमलं! दादाच्या पुलाचं डॅम्पिंग मोजून झालं. इस्पितळाच्या दोन इमारतींना जोडणारा पादचारी पूल, खालून रस्ता. दहा-बारा मजूर मधोमध उभे केले, "एक, दोन, उडी!" — आणि मी यंत्राशी. पूल डुलला आणि चटकन शांत झाला. पडद्यावर प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा झपाट्याने बुटकी. म्हणजे हलण्यातला जोर जिरतोय. तो किती लवकर जिरतो, तेच तर मोजायचं असतं.

दादा तोंडभर हसला. "पूल आखणारा आणि तपासणारी, दोघं एकाच घरातले!" शनिवारी उद्घाटन. माझी सही तेवढी राहिली आहे.

मंगळवार, १० मार्च

काहीतरी खटकतंय. काल जेवायला जाताना यंत्र बंद करायला विसरले, नेहमीचा वेंधळेपणा. मजूर उतरल्यावर वेल्डरने सिलिंडर पुलावर ठेवला, त्याचीही नोंद झालीय. धक्का एवढासा, पण डुलणं संपतच नाही! एकाच पुलाची दोन उत्तरं कशी?

बुधवार, ११ मार्च

कळलं. चूक माझीच.

उडी मारून मजूर तिथेच उभे राहिले होते. उभ्या माणसाचे गुडघे, पोट, पाठ सगळं थोडं थोडं हलतं आणि पुलाचा जोर खातं. मी पुलाचं डॅम्पिंग मोजलंच नाही — पूल अधिक दहा-बारा पोटं, यांचं मोजलं! शाबास बाई.

चालणारी माणसं जोर खात नाहीत, उलट देतात. पावलांचा ठेका पुलाच्या डुलण्याशी जुळला, की डुलणं वाढतच जाणार. आणि या पुलावरून स्ट्रेचर न्यायचे आहेत.

दादाला फोन केला. "माणसं असणारच की वर! रिकाम्या पुलाचं कुणाला काय पडलंय?" हसत म्हणाला, पण ते हसू खरं नव्हतं. मी त्याला ओळखत नाही का?

गुरुवार, १२ मार्च

पूल पूर्ण रिकामा केला. खालून दोरीने जड वजन टांगलं आणि दोरी कापली. पूल उसळला आणि डुलतच राहिला. फोरमन हळूच म्हणाला, "मॅडम, हा थांबणार कधी?" कुणी हसलं नाही.

उपाय आहे. खालच्या बाजूने जोर जिरवणारे डॅम्पर बसवायचे. महिना-दीड महिना जाईल, बस! पण दादा ऐकून घेईल तर शपथ. "शनिवार हुकला तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तू बहीण आहेस की वैरीण?"

वैरीण! मी यंत्राच्या तारा गुंडाळत बसले. रडू आवरत नव्हतं.

शुक्रवार, १३ मार्च

सही केली नाही. तसं इस्पितळाला कळवूनही टाकलं.

आईला बातमी पोचलीच. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?" तिला ठेका, डुलणं समजावायला गेले. तिने ताट उचललं आणि आत निघून गेली. वहिनी फोन घेत नाही. बरोबर वागूनही चोरासारखं वाटतंय.

शनिवार, १४ मार्च

उद्घाटन रद्द. दादा घराबाहेर पडला नाही म्हणे.

रविवार, १५ मार्च

दादाचा फोन. आवाज पार बसलेला. "शाळेसमोरचा पूलही मीच आखलाय. अगदी असाच. मोजमापही तसंच केलं होतं, वर माणसं उभी करून. उद्या शाळा भरायच्या आत तो बंद करायला लाव. माझं नाव सांग."