भुयारात हेल्मेट नाही

४ मे, सकाळ
कन्येचं साहसकथेचं पुस्तक चाळलं. हादरलोच! चार पोरं, सोबत एकही मोठं माणूस नाही, आणि थेट भुयारात. हेल्मेट नाही. घरी सांगून जाणं नाही. कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर, आणि माझ्याच घरात हा प्रकार! पुस्तक जप्त. कन्या रडवेली होऊन म्हणाली, बाबा, शेवट तेवढा राहिलाय. म्हटलं, जीव राहिला हे महत्त्वाचं.

५ मे
कन्येने अबोला धरलाय. जेवतानाही मीठ आईमार्फत मागते. बायको म्हणते, मिळवलंत काय? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. पुस्तक रीतसर तपासणार. रोज एकच प्रकरण.

५ मे, संध्याकाळ
सहा प्रकरणं झाली. निव्वळ तपासणी म्हणून. चोर तो मिशीवाला माळीच, मी सांगतो.

७ मे
मीटिंगमध्ये पुस्तक फाइलमध्ये घालून तपासत होतो. साहेबांनी मध्येच विचारलं, आग लागली तर कामगारांनी कुठून बाहेर पडायचं? म्हणालो, भुयारातून. लोकांना हसायला काही लागत नाही.
कन्या अजून गप्प. घर कसं खायला उठतं.

९ मे, रविवार
नायिका कुलूपबंद खोलीतून सुटते म्हणे: दाराखालून वर्तमानपत्र सरकवायचं, बाहेरून भोकात राहिलेली किल्ली काडीने ढकलायची, ती कागदावर पडली की कागद आत ओढायचा. शुद्ध थाप! प्रयोगाने खोटं पाडतो. अडगळीच्या खोलीत शिरलो, बायकोला बाहेरून किल्ली फिरवायला लावली. बाजारात निघताना म्हणाली, मोबाइल तरी घ्या. म्हटलं, त्या पोरीकडे कुठे होता?

तीच तारीख, दुपार, अडगळीची खोली
किल्ली पडली. कागदावर नाही. थाप सिद्ध झाली. उकडतंय.
बाहेर कन्येची चाहूल. हाक मारली. अखेर बोलली! म्हणाली, घाबरू नका, श्वास हळू घ्या, आणि पुस्तक वरच्या झरोक्यातून टाका. आधी पुस्तक. मोडक्या स्टुलावर चढून टाकलं. असं कोणी कारखान्यात चढलं तर मी दंड करतो.
दाराशी बसून वाचतेय. विचारलं, माळीच ना गं? पानं उलटल्याचा आवाज.

संध्याकाळ
सुटलो. पुस्तक संपल्यावरच कन्येने दार उघडलं. चोर कोण, सांगत नाही. पुस्तकावर माझ्याच लाल पेनने लिहून ठेवलंय: मुलांसाठी सुरक्षित. बाबांनी वाचायचं असल्यास मोठं माणूस जवळ हवं.
विचारलं, मोठं माणूस म्हणजे आई ना?
म्हणाली, नाही, मी.